ऊद आणि धूप एकत्र असलेला परफ्यूम पहिल्यांदा लावताना

अत्तरदाणी (धागाकर्ता)

ऊद नव्याने लावणाऱ्यांचे प्रश्न इकडेतिकडे विखुरलेले दिसतात, म्हणून एक धागा. ऊद आणि धूप दोन्ही असलेल्या परफ्यूमपुरतंच बोलू. नवख्या माणसाची गडबड तिथेच सगळ्यात जास्त होते. दोन जड वास एकदम अंगावर येतात आणि "नाही आवडलं" म्हणताना नेमकं काय आवडलं नाही हेच कळत नाही.

आधी एक खुलासा. या धाग्यात ऊद म्हणजे अगरूचं लाकूड आणि त्याचं तेल. निखाऱ्यावर टाकायचा ऊद म्हणजे लोबान, तो वेगळा. परफ्यूमच्या माहितीत धूप लिहिलेला असला की बहुतेक वेळा फ्रँकिन्सेन्स समजायचं, म्हणजे बॉस्वेलिया जातीच्या झाडांचा डिंक.

अक्विलेरियाच्या झाडाला इजा झाली, बुरशी शिरली की झाड बचावासाठी खोडात गडद राळ साठवतं. ते राळेनं भरलेलं लाकूड म्हणजे अगरू. निरोगी झाडाचं लाकूड फिकट, हलकं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. रानातली झाडं इतकी तोडली गेली की २००४ साली साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात अक्विलेरियाच्या सगळ्या जाती घेतल्या गेल्या. अस्सल तेल महाग आणि दर खेपेला वासाला वेगळं, त्यामुळे स्प्रेच्या बाटलीत ते बहुतेक नसतंच, असलं तर नावापुरतं. तिथे ऊदाचा वास तयार मिश्रणातून येतो. फर्मेनिख आणि जीवोदान या सुगंधद्रव्यं बनवणाऱ्या कंपन्यांची अनुक्रमे 'ऊद सिंथेटिक' आणि 'ब्लॅक अगर गिव्हको' ही त्यातली माहितीतली नावं. जोडीला नागरमोथ्याचं तेल, पॅचौली (एका झुडपाच्या पानांचं तेल) आणि केशर-चामड्याचा वास देणारं सॅफ्रालीन हे कृत्रिम द्रव्य. यात फसवणूक नाही, पण अपेक्षा त्याप्रमाणे ठेवावी.

आता लावायची रीत.

पहिली फेरी कागदाच्या पट्टीवर. एक फवारा, अल्कोहोल उडेपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं, मग हुंगायचं. बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन काही कळत नाही, तिथे अल्कोहोल आणि जुना सुकलेला थर एवढंच असतं. पट्टी टाकू नका, पुस्तकात बुकमार्क म्हणून तर अजिबात ठेवू नका (पुस्तकाला महिनाभर वास राहतो), तशीच मोकळी ठेवा आणि तासाभराने पुन्हा बघा.

दुसरी फेरी हातावर, दुसऱ्या दिवशी. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, साधारण १५ सेंटिमीटरवरून एकच फवारा. एका फवाऱ्यात अंदाजे ०.१ मिली जातं, म्हणजे २ मिलीच्या सँपलमधून वीसेक फवारे मिळतात. मानेवर मारू नका. नाक दिवसभर त्याच वाफेत राहतं आणि तासाभरात काहीच येईनासं होतं. मग माणूस "टिकत नाही" म्हणून आणखी मारतो आणि आजूबाजूचे लोक खिडक्या उघडतात.

हुंगायच्या वेळा: १० मिनिटं, १ तास, ४ तास, ८ तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्याची बाही. एका दिवशी एकच परफ्यूम. निकाल चार तासांच्या आधी द्यायचा नाही, एक अपवाद सोडून. तो अपवाद कुणीतरी सविस्तर लिहा.

---

निखारा

चांगला धागा. एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं. स्प्रेच्या आधी खऱ्या लाकडाचा वास घ्यावा. संदर्भच नसेल तर मिश्रणातलं काय ऊदासारखं आहे आणि काय नाही, हे नवख्याला समजणार कसं?

लाकूड जाळायचं नाही, तापवायचं. नखाएवढा तुकडा, ०.१ ते ०.२ ग्रॅम पुरे. तापमान बदलता येईल असा विजेवरचा धूपपात्र असेल तर कमी उष्णतेवर सुरू करून हळूहळू वाढवा. आधी गोडसर, थोडा थंड वास येतो, मग लाकडी आणि कडवट. धूर दिसायला लागला की उष्णता जास्त झाली, तिथून पुढे नुसता जळका वास. कोळशावर करायचं तर कोळसा पूर्ण राखाडी होऊ द्या. लगेच पेटणाऱ्या गोल वड्यांमध्ये पोटॅशियम नायट्रेट असतं. ते जळून जायच्या आत लाकूड ठेवलं तर फटाक्यासारखा वासच नाकात बसतो. निखाऱ्यावर राखेचा थर, त्यावर अभ्रकाची चकती, मग लाकूड.

दमा असणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये. बाकीच्यांनी खिडकी उघडी ठेवून.

---

अत्तरदाणी

निखारा, संदर्भाचा मुद्दा मान्य. पण तापवलेल्या लाकडाचा आणि तेलाचा वास एक नसतो, त्यामुळे लाकूड हुंगून परफ्यूमची मोजपट्टी हातात येते असं नाही. लाकडातले क्रोमोन गटातले रेणू जड असतात. ते उष्णतेने तुटतात आणि त्यातून धुराची ती बदामी, व्हॅनिलासारखी गोडी येते. ऊर्ध्वपातनात ते तेलात फारसे उतरत नाहीत. तेलात मुख्यतः सेस्क्विटर्पीन नावाचे वेगळे रेणू. धुराची अपेक्षा घेऊन तेल किंवा स्प्रे लावणारा हमखास निराश होतो.

---

सायंगंध

वाचतेय. प्रश्न असा की पहिल्या दहा मिनिटांत सरळ बँडेज आणि आयोडीनचा वास येतो. पुढे चार तास थांबण्यात अर्थ आहे का? की हा प्रकारच आपल्यासाठी नाही असं समजावं?

---

कृष्णागरू

सायंगंध, थांबा. तुमचा प्रश्नच या धाग्याचा गाभा आहे, म्हणून जरा लांबण लावतो. ऊद-धूपातलं न आवडणं निदान चार प्रकारचं असतं आणि चारींचा उगम वेगवेगळ्या मालातून होतो. कुठलं खटकतंय ते ओळखलं की पुढचं सँपल कुठलं घ्यायचं हे आपोआप ठरतं.

बँडेज, औषध, आयोडीन. हा वास ऊदाच्या तयार मिश्रणांतून, नागरमोथ्यातून आणि फेनॉल गटातल्या द्रव्यांतून येतो. सुरुवातीला जोरात असतो आणि बहुतेक परफ्यूममध्ये पाऊण-एक तासात मागे सरतो, कारण तोवर राळ आणि लाकूड वर येतात. हातावर तासाभराने पुन्हा हुंगा. तेव्हाही तसाच असेल तर ऊद-गुलाब जोडी असलेलं काही बघा. गुलाबाची फळांसारखी गोडी ती औषधी धार झाकते. जगभरात ती जोडी इतकी चालते ती उगाच नाही.

गोठा, ओलं चामडं, आंबलेलं. हा अस्सल तेलाचा किंवा त्याची नक्कल करणाऱ्या प्राणिज द्रव्यांचा वास. ऊर्ध्वपातनाच्या आधी लाकडाचा भुगा पाण्यात बरेच दिवस, काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे भिजत ठेवतात. तो आंबतो, त्यात आम्लं तयार होतात आणि ती तेलात उतरतात. आसामच्या पारंपरिक तेलाची ओळखच ही. इथे प्रमाण सगळ्यात महत्त्वाचं. जो वास थेंबभर तेलात असह्य होतो तोच दहा टक्क्यांपर्यंत पातळ केल्यावर ऊबदार लागतो. तरीही नको असेल तर कंबोडियन धाटणीचं तेल बघा, ते फळाळ आणि गोड असतं.

जळकं, धुरकट. बरेच लोक याचा दोष धूपाला देतात आणि तो चुकीचा असतो. फ्रँकिन्सेन्सचं तेल थंड, लिंबाच्या सालीसारखं, किंचित मिरीचं लागतं, कारण त्यात आल्फा-पायनीन आणि लिमोनीन (पाइन आणि लिंबाच्या वासाची द्रव्यं) भरपूर. धुराचा आभास बर्चच्या डांबरातून, केड तेलातून (ज्युनिपरच्या लाकडाचं धुरकट तेल) किंवा ग्वायकॉलसारख्या द्रव्यांतून येतो. धूर नको पण धूप हवा असेल तर असे परफ्यूम आहेत. माहितीत बर्च, केड, 'स्मोक', 'लेदर' हे शब्द दिसले की सावध व्हायचं.

टोचणारं. नाकाच्या वरच्या बाजूला सुई लागावी तसं, कोरडं, धारदार, डोकं धरणारं. हे ना ऊद, ना धूप. हे वुडी-अंबर गटातले ताकदवान रेणू: नॉरलिंबॅनॉल, करानल, अंबर एक्स्ट्रीम. धागाकर्त्यांनी म्हटलेला अपवाद हाच. बाकीचे तीन वास वेळेनुसार मऊ पडतात, हा पडत नाही. आठ तासांनी बाकी सगळं उडून गेल्यावर हाच शिल्लक राहतो आणि कपड्यावर तर धुतल्यावरही. पहिल्या तासात टोचलं तर थांबू नका, धुऊन टाका. "ऊद डोक्यात जातो" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं भांडण ऊदाशी नसतंच, या रेणूंशी असतं.

---

तळगंध

कृष्णागरू, प्रतिसाद साठवून ठेवला. एक भर. या जड रेणूंचा वास काही जणांना येतच नाही किंवा फार क्षीण येतो, आणि आपल्याला तो येत नाही हे त्यांना माहीत नसतं. रोटुंडोनचं उदाहरण घ्या. मिरीला तिची ओळख देणारा हा रेणू नागरमोथ्यातही असतो. २००८ साली ऑस्ट्रेलियन संशोधकांनी द्राक्षं आणि वाइनवर काम करताना तो पकडला, तेव्हा तपासलेल्या माणसांपैकी सुमारे २० टक्क्यांना तो भरपूर प्रमाणातही जाणवला नाही. त्यामुळे एकच ऊद-धूप एकाला मिरीदार आणि दुसऱ्याला गोड-सपाट लागतो तेव्हा दोघंही खरं बोलत असतात.

व्यवहारात याचा अर्थ: दरवळ किती आहे ते स्वतःच्या नाकाने ठरवू नका. एक फवारा मारून दोन तासांनी दुसऱ्या कुणाला तरी दोन हातांच्या अंतरावरून विचारा, वास येतो का, कसला येतो. "छान आहे का" हा प्रश्न आधी विचारायचा नाही, नाहीतर समोरचा भिडेखातर हो म्हणतो.

---

सायंगंध

धन्यवाद कृष्णागरू. तासाभराने बँडेज खरंच मागे गेलं, पण आता थंड दगडी इमारतीत उभं असल्यासारखा वास येतोय. तो धूप का?

---

राळेचा_राजा

हो, तो धूप. युरोपातल्या चर्चमध्ये जळतो तो हाच डिंक, म्हणून परफ्यूमवाल्यांनी त्या वासाला दगड, गारवा, उंच छत अशी सगळी वर्णनं चिकटवली आहेत.

डिंक, त्याचं तेल आणि त्याचा धूर हे तीन वेगळे वास आहेत. तेल लिंबाळ आणि पाइनसारखं. जुन्या चर्चच्या वासात जी खास तळाची छटा आहे ती कुठल्या रेणूंमुळे हे खूप काळ नीट माहीत नव्हतं. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रसायनशास्त्रज्ञांनी डिंकातून दोन आम्लं वेगळी काढली, त्यांना ओलिबॅनिक आम्लं नाव दिलं. प्रमाण अत्यल्प, पण वास जबरदस्त.

जातींचा फरकही जाणवतो. ओमान-येमेनकडची बॉस्वेलिया सॅक्रा उजळ आणि लिंबाळ. सोमालियाकडची कार्टेरी त्याच कुळातली, थोडी जड आणि मिरीदार. आपल्या सालईचा डिंक म्हणजे बॉस्वेलिया सेराटा. त्याच्या तेलात आल्फा-थुजीन जास्त, त्यामुळे वास हिरवट, टर्पेंटाइनच्या अंगाने जाणारा. माहितीत नुसतं 'इन्सेन्स' लिहिलेलं असलं तर यातलं काय आहे ते कळायला मार्ग नाही. बोळ, लोबान, लॅबडॅनम (एका झुडपाची चिकट राळ) यांचं मिश्रणही त्याच नावाखाली खपतं. गोड आणि व्हॅनिलासारखा धूप लागला तर लोबान जास्त, कडवट आणि मातकट लागला तर बोळ.

---

निखारा

मग नवख्याने सुरुवात कुठून करायची? नावं द्या कुणीतरी.

---

कृष्णागरू

नावांपेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी सौम्य ऊद, मग नुसता धूप, शेवटी दोन्ही एकत्र.

सौम्य ऊदासाठी टॉम फोर्डचा 'ऊद वूड' (२००७). वेलदोडा, चंदन, गुळगुळीत लाकूड. कट्टर ऊदवाले याला ऊद म्हणायलाच तयार नसतात, पण शिकायला बरा. पाश्चात्त्य बाजारात ऊदाची लाट आणली त्याचं श्रेय बरेच जण ईव्ह सां लोराँच्या 'एम ७' (२००२) ला देतात. आताचा माल आणि तेव्हाचा माल यांत फरक आहे, जुनी वर्णनं वाचून नवी बाटली घेऊ नका.

नुसत्या धूपासाठी कॉम दे गार्सोंचा 'आविन्यों' (२००२). जवळजवळ दुसरं काही नाहीच त्यात, म्हणून नाकाला धूप म्हणजे काय ते एकदा पक्कं समजतं.

दोन्ही एकत्र म्हटलं की सगळे आमुआजच्या 'इंटरल्यूड मॅन' (२०१२) चं नाव घेतात. ओरेगॅनो, फ्रँकिन्सेन्स, लॅबडॅनम, चामडं, ऊद, सगळा एकदम कल्लोळ. उत्तम आहे, पण पहिल्यांदा हे लावून ऊदाबद्दल कायमचं मत बनवणारे खूप. तिसऱ्या टप्प्यावर ठेवा आणि तेव्हाही एकच फवारा, तोसुद्धा शर्टाच्या आत छातीवर. कापडातून गाळून येणारा वास वेगळाच लागतो.

पूर्ण बाटली कुठलीही लगेच घेऊ नये. १०० मिली म्हणजे हजार फवारे. एका वेळी दोन मारणाऱ्याला ती पाचशे वेळा पुरते.

---

मंदधूप

अत्तराच्या रूपातलं अस्सल ऊद तेल घ्यायचं असेल तर काय करावं? पाव तोळ्याची बाटली समोर आहे.

---

अत्तरदाणी

मंदधूप, पाव तोळा म्हणजे साधारण ३ ग्रॅम. थेट लावायचं तर काचेच्या काडीचं टोक मनगटाला एकदा टेकवा, बस्स. थेंब नाही. तेल घट्ट असेल तर बाटली मुठीत धरून कोमट करा, गरम पाण्यात बुडवू नका. पांढऱ्या कपड्यापासून लांब, पिवळा-तपकिरी डाग जात नाही. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ ते ४८ तास त्वचा बघा. अस्सल आहे म्हणून पुरळ येणार नाही असं काही नसतं.

शिकायचं असेल तर पातळ करूनच शिका. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या, कारण थेंबाच्या मापात गडबड होते. तेलाचा घट्टपणा आणि ड्रॉपरचं तोंड यांवर थेंबाचं वजन ०.०२ ते ०.०३ ग्रॅम असं हलतं. ०.१ ग्रॅम तेल आणि ०.९ ग्रॅम परफ्यूमरी अल्कोहोल म्हणजे १० टक्के. गडद बाटलीत दोन आठवडे ठेवा, रोज एकदा हलवा. गढूळ झालं किंवा तळाला काही बसलं तर कॉफी-फिल्टरच्या कागदातून गाळा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं स्पिरिट वापरू नका. त्यातल्या पाण्यामुळे तेल नीट विरघळत नाही, मिश्रण गढूळ होतं. अल्कोहोल नकोच असेल तर जोजोबा तेल चालतं, पण दरवळ बराच दबतो आणि वास त्वचेलगत राहतो. काहींना नेमकं तेच हवं असतं.

---

निखारा

आणि ते तेल अस्सल आहे हे ओळखायचं कसं? कागदावर डाग पडतो का बघा, पाण्यात टाकून बघा असं सांगतात.

---

राळेचा_राजा

कागदाच्या डागावरून काही ठरत नाही. अस्सल ऊद तेलही अतिशय हळू उडतं, डाग दिवसेंदिवस राहतो. 'पाण्यात बुडतं' ही परीक्षा लाकडाची. राळ जड असल्यामुळे भरपूर राळेचं लाकूड बुडतं, म्हणून वरच्या प्रतीला बुडणारी प्रत म्हणतात. पण तेलात मुरवून, राळ किंवा धातूची पूड दाबून हलकं लाकूड बुडवणारे कारागीरही आहेत. तेलाची खरी तपासणी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे प्रयोगशाळेत तेलातले घटक सुटे करून बघणं, ती घरी होत नाही.

नाकाने एवढं करता येतं: काडीचं टोक त्वचेला टेकवून १० मिनिटं, २ तास, ८ तास अशा तीन वेळा हुंगा. अस्सल तेल वळणं घेतं, सुरुवातीचा आणि शेवटचा वास ओळखू न येण्याइतका वेगळा असू शकतो. पातळ केलेलं किंवा कृत्रिम बऱ्याचदा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकाच सुरात राहतं. पक्का पुरावा नाही हा, पण अंदाज येतो.

---

सायंगंध

दोन शंका. जास्त लागला तर काढायचा कसा? आणि दमट उकाड्यात ऊद-धूप लावावा की नाही?

---

तळगंध

साबणाने थेट धुवायला गेलात तर वरचा थर जातो आणि राळ तशीच राहते. आधी बिनवासाचं कुठलंही तेल त्या जागी चोळा, मिनिटभर थांबा, टिश्यूने टिपून घ्या, मग साबण. दोनदा केलं की बरंच कमी होतं. सॅनिटायझर चोळू नका. अल्कोहोलने तो आणखी पसरतो आणि क्षणभर जास्तच भडकतो. कपड्यावर गेला असेल तर धुवून उन्हात वाळवा. वुडी-अंबर असेल तर दोन-तीन धुण्यांची तयारी ठेवा.

उकाड्यात चालतो, पण प्रमाण निम्मं. उष्णतेने वाफ वाढते, त्यामुळे थंडीत दोन फवाऱ्यांना जे जमतं ते एका फवाऱ्यात होतं. धूप जास्त आणि ऊद कमी असलेला परफ्यूम तेव्हा बरा वाटतो. गाडीत, लिफ्टमध्ये किंवा बंद एसी खोलीत शिरायचं असेल तर निदान पाऊण तास आधी लावा. कोरड्या हवेत उलटा त्रास, वास पटकन बसतो. बिनवासाचं मॉइश्चरायझर आधी लावलं तर दोन-तीन तास जास्त टिकतो.

हुंगून हुंगून नाक बधिर झालं तर दुकानात ठेवलेल्या कॉफीच्या बिया सोडून द्या, त्यांचा विशेष उपयोग होत नाही. परफ्यूम न लावलेल्या हाताचं कोपर किंवा स्वतःची साधी बाही हुंगा, किंवा दहा मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत जा.

---

मंदधूप

सँपलच्या कुप्या किती दिवस ठेवता येतात? एका जुन्या कुपीतला शेवटचा थेंब फारच गडद आणि गोड लागतोय, नवीन सँपल तसं नाही.

---

अत्तरदाणी

प्लास्टिकच्या बुचाच्या कुपीतून अल्कोहोल आणि वरचे हलके वास हळूहळू उडून जातात. मागे राळ उरते, म्हणून शेवटचे थेंब गडद आणि घट्ट. तुम्ही जे हुंगताय तो परफ्यूमचा तळ आहे, त्यावरून बाटली मागवू नका. कुपी अर्धी झाली की निर्णय घेऊन टाकावा. भरलेली कुपी अंधारात, गार जागी, उभी ठेवा, बुचाभोवती पॅराफिल्म (ताणून चिकटणारी मेणासारखी पट्टी) गुंडाळा आणि मिळाल्याची तारीख चिकटवा. बोटाने किंवा काडीने लावायच्या कुपीचा आणि स्प्रेचा वासही एकसारखा लागत नाही. टिपका जवळ आणि गडद राहतो, फवारा पसरतो आणि वरचा लिंबाळ भाग मोकळा होतो. बाटली स्प्रेची घ्यायची असेल तर सँपलही स्प्रेचंच मागवा.

राळेचं प्रमाण जास्त असलेल्या परफ्यूमचा नोझल चिकटतो आणि फवाऱ्याऐवजी पिचकारी उडते. नोझल ओढून काढा, कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मग थोडं अल्कोहोल घालून खळबळा आणि पूर्ण सुकल्यावरच परत बसवा. सुई घालू नका, भोक मोठं झालं की तो स्प्रे पुन्हा नीट चालत नाही.